स्वदेशी औषधांचे उपासक

कल्याणहून कर्जतकडे निघालेली आगगाडी उल्हासनगर मागे टाकते आणि थोड्याच वेळात अंबरनाथ व बदलापूर ही स्थानके येतात. या दोन्ही गावांलगत औद्योगिक वसाहती आहेत. रंग, रसायने आणि औषधांना लागणारा कच्चा माल तयार करणारे कितीतरी कारखाने तेथे आहेत. पाळीवर निघालेले कामगार आणि वाऱ्याबरोबर येणारा रसायनांचा उग्र दर्प या भागातील मुलांच्या रोजच्या परिचयाचे आहेत. औषधे आपल्या देशात तयार होतात, यात त्यांना काही नवल वाटत नाही. परंतु सुमारे शंभर वर्षांपूर्वी स्थिती निराळी होती. बहुतेक आधुनिक औषधे त्या वेळी परदेशातून बोटीने येत आणि त्यांची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर असे. बंगालमध्ये आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी स्वदेशी औषधनिर्मितीची वाट घालून दिली होती. पुढे मुंबईत त्या वाटेने निष्ठेने चालणारे एक थोर शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद.

हमीद यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ रोजी अलीगढ येथे झाला. रसायनशास्त्र हा त्यांचा आवडीचा विषय. त्यांचे शिक्षण चालू असतानाच १९२० मध्ये महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली. सरकारी मदतीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांतून हजारो विद्यार्थी बाहेर पडले. तरुण हमीदही त्या लाटेत सामील झाले. त्याच वर्षी अलीगढ येथे जामिया मिलिया ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था स्थापन झाली. तिच्या उभारणीत हातभार लावणाऱ्या तरुणांत पुढे भारताचे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन होते आणि हमीदही होते. काही काळ हमीद साबरमतीच्या आश्रमातही राहिले. गांधीजींच्या सहवासाचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला. पण सूत कातूनच देशसेवा होते असे नव्हे. आपल्याला अवगत असलेली विद्या देशाच्या कामी लावणे हीसुद्धा देशसेवाच आहे, हे त्यांनी ओळखले.

रसायनशास्त्रात त्या काळी जर्मनीचा हात धरणारा दुसरा देश नव्हता. म्हणून उच्च शिक्षणासाठी हमीद बर्लिनला गेले. प्रयोगशाळेत लागलेला शोध तेथे पाहता पाहता कारखान्यात पोहोचे आणि कारखान्यातील अडचण पुन्हा प्रयोगशाळेकडे येई. विद्या आणि उद्योग यांची ही सांगड त्यांनी डोळसपणे पाहिली. बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळवली. तेथेच लुबा या लिथुआनियातील ज्यू कुटुंबातील विद्यार्थिनीशी त्यांचा परिचय झाला आणि १९२८ मध्ये ती दोघे विवाहबद्ध झाली. धर्म, भाषा आणि देश यांच्या भिंती त्यांच्या संसाराच्या आड आल्या नाहीत.

स्वदेशी परतल्यावर १९३५ मध्ये डॉ. हमीद यांनी मुंबईत औषधांचा कारखाना काढला. ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ असे त्याचे लांबलचक नाव होते. त्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ‘सिप्ला’ हे सुटसुटीत नाव रूढ झाले. आरंभीचे भांडवल सुमारे २ लाख रुपये होते. १९३७ मध्ये प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. ४ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी स्वतः या कारखान्याला भेट दिली. थोड्याच दिवसांत दुसरे महायुद्ध पेटले आणि परदेशी औषधांची आवक रोडावली. अशा टंचाईच्या काळात देशी कारखान्यांची खरी किंमत लोकांना कळून आली.

डॉ. हमीद यांची दृष्टी स्वतःच्या कारखान्यापुरती मर्यादित नव्हती. देशभर विज्ञानाच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा असाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या कल्पनेत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता. या परिषदेचे नाव आपण ध्यानात ठेवू, कारण या कथेत ते पुन्हा येणार आहे. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासितांनी कल्याणजवळच्या लष्करी छावणीत नवा संसार थाटला आणि त्यातूनच आजचे उल्हासनगर वसले. ज्या काळात माणसे धर्माच्या नावाने दुरावत होती, त्या काळात डॉ. हमीद यांनी भारत हाच आपला देश मानला. ते मुंबईतच राहिले आणि पुढे मुंबईचे शेरिफही झाले.

परंतु स्वातंत्र्य मिळाले तरी एक अडचण उरलीच होती. ती होती १९११ च्या पेटंट कायद्याची. नवा शोध लावणाऱ्याला त्या शोधावर ठराविक वर्षे एकट्याचा हक्क मिळतो, त्याला पेटंट म्हणतात. समजा, एखाद्याने पुरणपोळीचा शोध लावला. त्याला करण्याच्या रीतीवर हक्क दिला, तर दुसरी सुगरण निराळ्या रीतीने पोळी करू शकेल. पण पुरणपोळीवरच हक्क दिला, तर दुसऱ्या कोणालाही ती मुळीच करता येणार नाही. पोळीवाचून माणसाचे अडत नाही, औषधावाचून मात्र अडते. शोधकाच्या श्रमाचे आणि खर्चाचे चीज झाले पाहिजे, हे खरेच. पण त्यापायी रोगी औषधावाचून राहू नये, असे डॉ. हमीद आणि त्यांच्यासारख्या भारतीय उत्पादकांचे म्हणणे होते. अखेर १९७० मध्ये संसदेने नवा पेटंट कायदा संमत केला. औषधावर नव्हे, तर औषध करण्याच्या रीतीवरच हक्क मिळेल आणि तोही थोड्या वर्षांपुरता, असे त्यात ठरले. २० एप्रिल १९७२ रोजी हा कायदा अमलात आला. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, २३ जून १९७२ रोजी, डॉ. हमीद यांनी इहलोकीची यात्रा संपवली.

माणूस जातो, पण त्याने लावलेल्या झाडाला फळे येतच राहतात. डॉ. हमीद यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी, १९८१ मध्ये, अमेरिकेत एड्स हा नवा रोग उघडकीस आला. १९८६ मध्ये भारतातही त्याचा शिरकाव झाल्याचे आढळले. एचआयव्ही नावाचा विषाणू या रोगाचे मूळ होय. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशींवरच तो घाला घालतो. हा विषाणू शिवल्याने अथवा शेजारी बसल्याने पसरत नाही. तरीही अज्ञानामुळे लोक रोग्यांना वाळीत टाकू लागले. रोगाबरोबर अपमानही त्यांच्या वाट्याला आला.

विषाणूवर औषध शोधणे इतके अवघड का असते? जीवाणू हा स्वतंत्र जीव आहे. त्याचे घर वेगळे, त्याचा कारभार वेगळा. त्यामुळे आपल्या पेशींना धक्का न लावता प्रतिजैविक औषध त्याच्या घराची भिंत पाडू शकते. विषाणूचे तसे नाही. तो कोकिळेसारखा आहे. कोकिळा आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात घालते आणि बिचारा कावळा ते आपलेच समजून उबवतो. त्याचप्रमाणे विषाणू आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच साधनांनी स्वतःच्या हजारो प्रती काढून घेतो. घरटे न मोडता नेमके परके अंडे काढणे जितके नाजूक, तितकेच हे कामही नाजूक आहे. म्हणूनच प्रतिजैविक औषधे विषाणूवर चालत नाहीत.

विषाणुरोधक औषध विषाणूच्या कामात नेमक्या ठिकाणी खीळ घालते. झिडोव्हुडिन हे एड्सवरील पहिले मान्यताप्राप्त औषध. त्याला १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पेशीत शिरल्यावर एचआयव्ही आपल्या वंशाची माहिती एका लांब साखळीच्या रूपात नव्याने लिहून काढतो. कडीत कडी अडकवत ही साखळी वाढते. झिडोव्हुडिन ही अशीच एक कडी आहे. पण ती फसवी आहे. एका बाजूने ती खऱ्या कडीसारखी साखळीत बसते, दुसऱ्या बाजूला मात्र पुढची कडी अडकवायला आकडाच नसतो. साखळी तेथेच तुटक राहते आणि विषाणूची नवी प्रत तयार होत नाही. तरीही हा शत्रू मोठा चिवट! नकला काढताना त्याच्याकडून चुका होतात आणि एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडून तो औषधाला दाद देईनासा होतो. म्हणून डॉक्टर एकाच वेळी तीन औषधे देऊ लागले. एका वाटेने निसटू पाहणारा विषाणू दुसऱ्या वाटेवर अडतो. या औषधांनी एचआयव्ही शरीरातून समूळ जात नाही, पण त्याला काबूत ठेवता येते आणि रोगी दीर्घकाळ आपले काम करीत जगू शकतो.

औषध सापडले होते, पण ते घेणे कोणाला परवडणार? तीन औषधांचा वर्षाचा खर्च एका रोग्यामागे १० हजार डॉलरांहून अधिक होता. आफ्रिकेतील आणि भारतातील गरीब रोगी औषध असूनही मरत होते. अशा वेळी डॉ. हमीद यांनी लावलेल्या झाडांची फळे हाती आली. ज्या संशोधन परिषदेचा त्यांनी आग्रह धरला होता, तिच्याच हैदराबाद येथील प्रयोगशाळेत डॉ. ए. व्ही. रामाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिडोव्हुडिन तयार करण्याची रीत बसवली. तिच्या आधारे १९९३ मध्ये सिप्लाने हे औषध भारतात आणले. १९७० च्या कायद्यामुळे तसे करण्यास आडकाठी नव्हती. कारखान्याची धुरा आता डॉ. हमीद यांचे पुत्र डॉ. युसुफ हमीद यांच्याकडे होती. २००१ मध्ये त्यांनी तीन औषधे एकाच गोळीत आणली आणि वर्षभराचे औषध ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीत, ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या सेवाभावी संस्थेला देऊ केले. साऱ्या जगाचे लक्ष त्या गोळीकडे वेधले गेले. इतर भारतीय कारखानेही पुढे आले आणि किमती आणखी उतरल्या. २००४ पासून भारत सरकारने एड्सच्या रोग्यांना ही औषधे विनामूल्य देण्यास आरंभ केला.

त्यानंतर काळ बदलला. २००५ पासून भारतात औषधावरही पेटंट मिळू लागले. त्या गोळीतील काही औषधांची जागा आता अधिक निर्धोक औषधांनी घेतली आहे. नागीण, इन्फ्लुएंझा, यकृताला सूज आणणारी ब आणि क प्रकारची कावीळ अशा रोगांवरही आज विषाणुरोधक औषधे आहेत. मात्र प्रत्येक विषाणूचे औषध निराळे असते, जसे प्रत्येक कुलपाची किल्ली निराळी. साध्या सर्दीवर अजूनही अशी किल्ली सापडलेली नाही. म्हणून ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत आणि त्यांनी सांगितले तितके दिवस न चुकता घ्यावीत.

डॉ. हमीद यांनी एड्सचे नावही ऐकले नव्हते. ज्या रोग्यांना पुढे त्या गोळीने जीवदान दिले, त्यांतील कित्येकांचा त्यांच्या हयातीत जन्मही झाला नव्हता. कारखाना, प्रयोगशाळा आणि न्याय्य कायदा या तीन गोष्टींसाठी ते झटले आणि ज्यांना कधी पाहिलेही नव्हते अशांच्या कामी त्या आल्या. अंबरनाथ किंवा बदलापूरच्या कारखान्यात आज एखादा कामगार औषधाचे पिंप भरत असेल. ते औषध कोणाच्या पोटात जाणार, हे त्यालाही ठाऊक नसते. तरीही काम चोख करणे, हाच डॉ. हमीद यांच्या जीवनाचा धडा होय.

अभ्यास

१. असहकाराच्या चळवळीचा तरुण हमीद यांच्या जीवनावर कोणता परिणाम झाला?
२. पुरणपोळीच्या उदाहरणावरून पेटंटचे दोन प्रकार तुमच्या शब्दांत समजावून सांगा.
३. विषाणूला कोकिळेची उपमा का दिली आहे?
४. एड्सच्या रोग्याला एकाच वेळी तीन औषधे का देतात?
५. वाक्यांत उपयोग करा : हात धरणे, वाळीत टाकणे, पथ्यावर पडणे, खीळ घालणे.