बूट कारखान्यातला पोरगा, ज्यानं पळून-पळून शरीर घडवलं : एमिल झाटोपेक

१९५२ च्या जुलै महिन्यात फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात ऑलिंपिक भरलं होतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांनी कुस्तीचं कांस्यपदक आणलं ते तिथूनच. त्याच आठवड्यात त्याच गावात आणखी एका गड्यानं जगाला तोंडात बोटं घालायला लावली. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक. ५ हजार मीटर, १० हजार मीटर आणि मॅरेथॉन, तिन्हीत सुवर्ण. एकाच ऑलिंपिकमध्ये ही तिन्ही पदकं आजवर दुसऱ्या कुणाला जमलेली नाहीत.

हा काही जन्मतःच पळणारा नव्हता. जन्म १९ सप्टेंबर १९२२ चा, घर गरीब, वडील सुतारकाम करायचे. सोळाव्या वर्षी एमिल झ्लीन गावच्या बाटा कारखान्यात कामाला लागला. आपल्याकडं चपला-बूट विकणारी बाटा ती हीच. तिथल्या खेळाच्या मास्तरानं चार पोरं निवडून शर्यतीत पळायला सांगितलं, त्यात हाही आला. अंगात ताकद नाही म्हणून यानं टाळाटाळ केली. डॉक्टरकडं पाठवलं, तर डॉक्टरनं धडधाकट ठरवला. मग पळाला, आणि शंभर जणांत दुसरा आला.

त्या काळी लांब पल्ल्याचे बरेच गडी लांबच लांब, एका चालीनं पळायचे. झाटोपेकचा हिशेब वेगळा. वेग हवा तर वेगानंच पळायला पाहिजे, आणि दम हवा तर तीच जोराची धाव पुन्हा पुन्हा मारायला पाहिजे. २०० मीटर जोरात ५ वेळा, ४०० मीटर २० वेळा, परत २०० मीटर ५ वेळा. मधे बसायचं नाही, सावकाश पळतच दम घ्यायचा. म्हणजे नुसती जोराची धावच १० किलोमीटर. पुढं सैन्यात गेल्यावर जड फौजी बूट घालून बर्फातही पळायचा. बघणारे त्याला वेडा म्हणायचे.

पण शरीराच्या आत काय चाललं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. जोराच्या धावेत पायांतलं रक्त लोंढ्यानं हृदयाकडं येतं. हे रोज झालं की हृदयाचा डावा कप्पा हळूहळू मोठा आणि मजबूत होतो, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतो. म्हणून साध्या माणसाची नाडी बसल्या जागी मिनिटाला ७० च्या आसपास असते, तर मुरलेल्या धावपटूची ४०-५० वर येते. अंगातलं रक्त वाढतं. मांडीच्या स्नायूंत बारीक केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, जशा मेन पाटाला नवीन चाऱ्या काढाव्यात. शाळेच्या पुस्तकात ज्यांना तंतुकणिका म्हणतात, त्या पेशींतल्या ऊर्जेच्या भट्ट्याही वाढतात.

यातली गोम अशी, की हे पळताना होत नाही. पळताना शरीर मोडतं, साठवलेली साखर संपते. दुरुस्ती होते ती नंतर, जेवणात आणि झोपेत. आणि सगळे भाग एका वेगानं तयार होत नाहीत. रक्त काही आठवड्यांत वाढतं, स्नायूंना महिने लागतात, हाडं आणि शिरा सगळ्यात मागं राहतात. भरतीच्या तोंडावर डांबरी रस्त्यावर एकदम पळायला लागलेल्या पोरांच्या नडग्या ठणकतात त्या बहुतेक वेळा यामुळंच. नवा गोऱ्हा पहिल्याच दिवशी नांगराला कुणी जुंपत नाही.

झाटोपेकनंही ओझं वर्षानुवर्षं चढवत नेलं. १९४६ मध्ये ओस्लोला युरोपच्या स्पर्धेत तो ५ हजार मीटरला पाचवा होता. १९४८ ला लंडनमध्ये १० हजार मीटरचं सुवर्ण, ५ हजारचं रौप्य. १९५१ मध्ये एका तासात २० किलोमीटरच्या पुढं जाणारा तो जगातला पहिला माणूस ठरला. हेलसिंकीला तर मॅरेथॉन आयुष्यात पहिल्यांदाच पळत होता. वाटेत त्यानं इंग्लंडच्या जिम पीटर्सला विचारलं, चाल बरोबर आहे का. पीटर्सनं फसवायला सांगितलं, फार हळू चाललंय. यानं खरं मानून वेग वाढवला. पीटर्सला शर्यत पुरी करता आली नाही, आणि झाटोपेक २ तास २३ मिनिटांत पोचला. त्याच ऑलिंपिकमध्ये बायको डाना हिनं भालाफेकीत सुवर्ण घेतलं. दोघा नवराबायकोचा जन्म एकाच दिवशीचा, एकाच सालचा!

पुढं १९५४ मध्ये १० हजार मीटर २९ मिनिटांच्या आत पळणारा पहिला माणूसही तोच. सराव तोवर ४०० मीटरच्या धावा दिवसाला शंभरपर्यंत गेला होता. एवढं कुणी करून बघू नये, त्यामागं दहा-बारा वर्षांची तयारी होती. आणि त्याच्याही शरीरानं हिशेब मागितलाच. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकआधी जांघेला दुखापत होऊन तो दवाखान्यात गेला. बाहेर पडल्या पडल्या परत पळायला लागला, पण जुनी धार आली नाही. मॅरेथॉनला सहावा आला.

१९६८ मध्ये रशियाचे रणगाडे प्राग शहरात घुसले तेव्हा तो उघडपणे विरोधात बोलला. सैन्यातली नोकरी गेली, पक्षातूनही काढलं, अंगमेहनतीची कामं करत कित्येक वर्षं काढली. १९९० मध्ये सरकारनं त्याचा मान परत दिला. नोव्हेंबर २००० मध्ये प्रागमध्ये तो वारला.

हेलसिंकीच्या १० हजार मीटरचं पदक मात्र तेव्हा त्याच्याजवळ नव्हतं. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क, ज्यानं ढीगभर विश्वविक्रम केले पण ऑलिंपिकचं सुवर्ण कधी मिळालं नाही, त्याला भेटीनंतर निघताना झाटोपेकनं एक पुडकं दिलं होतं. क्लार्कनं ते नंतर उघडलं, तेव्हा आत ते पदक होतं.