बिशप मातेउस द कास्त्रो : नाकारलेले आणि नाकारणारे

लॅटिन परंपरेतील पहिले भारतीय बिशप म्हणून मातेउस द कास्त्रो यांचे नाव आम्ही सेमिनरीत अभिमानाने पाठ केले होते. त्यांच्या जीवनाची दुसरी बाजू आम्हांला पुष्कळ उशिरा कळली.

गोव्यातील दिवाडी बेटावर १५९४ च्या सुमारास एका ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रेइश मागूश येथील फ्रान्सिस्कन विद्यालयात ते शिकले. परंतु गोव्याच्या पोर्तुगीज आर्चबिशपांनी त्यांना याजकीय दीक्षा नाकारली. रक्तशुद्धीच्या कल्पनेवर पोसलेल्या त्या समाजाला एतद्देशीय मनुष्य वेदीवर आपल्या बरोबरीने उभा राहणे मानवणारे नव्हते. श्रद्धा एक, पंगती मात्र दोन! मातेउस खचले नाहीत. खुष्कीच्या मार्गाने ते १६२५ मध्ये रोमला पोहोचले. नुकत्याच स्थापन झालेल्या श्रद्धाप्रसार मंडळाने (प्रोपागांडा फिदे) त्यांना आधार दिला. तेथे त्यांना दीक्षा मिळाली आणि १६३७ मध्ये बिशपपदाचा अभिषेक झाला. विजापूरच्या आदिलशाही मुलखाचे व्हिकर अपॉस्टॉलिक म्हणून ते आले व पोर्तुगीज हद्दीबाहेर डिचोलीस राहिले. गोव्यातील अधिकाऱ्यांशी त्यांचा कलह शेवटपर्यंत मिटला नाही.

येथवरची कथा वाचताना आपण सहज त्यांच्या बाजूचे होतो. आम्हीही झालो. परंतु जन्मावरून नाकारले गेलेल्या या बिशपांना स्वतःच्या जन्माचा मोठा अभिमान होता. धर्मगुरुपदासाठी त्यांची दृष्टी प्रामुख्याने ब्राह्मण कुळांतील ख्रिस्ती तरुणांकडेच वळे. १६५३ मध्ये त्यांनी पोर्तुगीज अन्यायाविरुद्ध एक जळजळीत लेख लिहिला, त्याचे नावच ‘ब्राह्मणांचा आरसा’. अन्याय साऱ्या गोवेकरांवर होता, हाक मात्र एका जातीला होती. त्यांना ढोंगी म्हणण्यास आमचे मन धजत नाही. बाप्तिस्म्यानंतरही जात हीच मनुष्याची ओळख असलेल्या समाजात ते वाढले होते. पोर्तुगीजांनी हीन ठरवल्यावर आपण कमी नाही हे सांगण्यासाठी त्यांच्या हाताशी कुळाचा मोठेपणाच होता.

१६५४ मध्ये आदिलशाही फौजा गोव्याच्या हद्दीत शिरल्या, तेव्हा त्यांना चिथावल्याचा आरोप मातेउस यांच्यावर आला. पुढे रोमने त्यांना परत बोलावले. १६७७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच गोव्यात एतद्देशीय धर्मगुरूंचा ओरेटोरियन संघ उभा राहिला. संत जोसेफ वाझ याच संघाचे. पोर्तुगीज संघांची दारे बंद असलेल्यांनी उभारलेल्या या घरात दीर्घकाळ ब्राह्मण उमेदवारांनाच प्रवेश होता, आणि चारडो समाजातील तरुणांना आपले दार अन्यत्र शोधावे लागले.