हरिपूरचे हरिसिंग नलवा

मराठी माणसाला 'अटक' हे नाव १७५८ सालच्या मराठ्यांच्या मोहिमेमुळे परिचित आहे. सिंधूकाठच्या त्या अटकेच्या पूर्वेस, हजारा या डोंगराळ प्रदेशात हरिपूर हे शहर वसले आहे. आज ते पाकिस्तानात आहे. ज्या सेनापतीने ते वसवले, त्याचेच नाव त्याला मिळाले.

हरिसिंगांचा जन्म १७९१ मध्ये गुजराँवाला येथे झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले. कोवळ्या वयातच ते महाराजा रणजितसिंगांच्या सेवेत दाखल झाले. शिकारीत वाघाशी झुंज दिल्यामुळे त्यांना 'नलवा' हे नाव पडले, असे सांगतात. मुलतान आणि काश्मीरच्या मोहिमांत त्यांनी पराक्रम गाजवला. काही काळ ते काश्मीरचे सुभेदारही होते.

१८२२ मध्ये हजारा त्यांच्याकडे आला. तेथील टोळ्यांना लाहोर दरबारची सत्ता मान्य नव्हती. हरिसिंगांनी बंडे कठोरपणे मोडली. या भागात त्यांची दहशत होती, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु केवळ दहशतीवर सीमा राखता येत नाही, हेही ते जाणून होते. शिबंदीला धान्य लागते, घोड्यांना चारा लागतो, हत्यारांना लोहार लागतो. म्हणून त्यांनी हरकिशनगड बांधला आणि त्याच्याजवळच तटबंदीचे नगर वसवले. जवळून दोर नदी वाहत होती. पाटांनी पाणी खेळवले गेले. तटाच्या आधाराने व्यापारी आले, कारागीर स्थिरावले. १८३५ मध्ये बॅरन ह्यूगेल हा युरोपीय प्रवासी येथे आला, तेव्हा अवघ्या तेरा वर्षांच्या या वसाहतीला भरभराटीच्या नगराचे रूप आले होते. तलवार गाजवणारे सरदार त्या काळी अनेक होते. बाजार वसवणारे थोडेच.

पुढे सरहद्द पश्चिमेकडे सरकली. खैबर खिंडीच्या तोंडाशी हरिसिंगांनी जमरूदचा किल्ला उभारला. ३० एप्रिल १८३७ रोजी तेथेच अफगाण सैन्याशी लढताना त्यांना वीरमरण आले. कुमक पोहोचेपर्यंत ही वार्ता गुप्त ठेवण्यात आली, असे म्हणतात.

१८४९ मध्ये शीख राज्य लयाला गेले. १८५३ मध्ये इंग्रजांनी जिल्ह्याचे मुख्य ठाणे हरिपूरहून अबोटाबादला हलवले. १९४७ च्या फाळणीत येथील हिंदू व शीख व्यापाऱ्यांनी घरेदारे सोडून भारताची वाट धरली. शहर मात्र वाढतच राहिले आणि त्याचे नावही हरिपूरच राहिले.