यकृताचा अभ्यास घडवणाऱ्या डॉक्टर : शीला शेरलॉक



२८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन. त्या दिवशी परिपाठात सांगता येईल असं एक चरित्र आज देत आहे.

आपल्याकडे कावीळ झाली की उसाचा रस, पथ्य आणि कुणीतरी आणलेली काविळीची माळ, एवढं ठरलेलं असतं. कावीळ म्हणजे एकच रोग, असं आपण धरून चालतो. पण पिवळे डोळे हे फक्त लक्षण आहे. आत यकृतात काय बिघडलंय, हे पाहावंच लागतं. हे पाहायला डॉक्टरांना ज्यांनी शिकवलं, त्यांत शीला शेरलॉक यांचं नाव फार वरचं आहे.

शीला यांचा जन्म ३१ मार्च १९१८ रोजी आयर्लंडमधील डब्लिन येथे झाला. बालपण इंग्लंडमधील केंट परगण्यात गेलं. डॉक्टर व्हायचं त्यांनी ठरवलं, पण इंग्लंडमधल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी एकामागून एक नकार दिला. कारण एकच, त्या मुलगी होत्या! अखेर १९३६ साली स्कॉटलंडच्या एडिंबरो विद्यापीठाने प्रवेश दिला. १९४१ मध्ये त्या आपल्या तुकडीत पहिल्या आल्या.

पुढच्याच वर्षी त्या लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात डॉ. जॉन मॅकमायकेल यांच्याकडे रुजू झाल्या. महायुद्धाचे दिवस होते आणि काविळीचे रुग्ण पुष्कळ येत. पित्तनलिकेच्या तोंडाशी चिकट द्रव अडकतो म्हणून अशी कावीळ होते, हा जुना समज अजून टिकून होता. मॅकमायकेल, शीला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरगड्यांमधून बारीक सुई घालून यकृताचा छोटासा तुकडा काढला आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. नलिका तुंबलेली नव्हती, तर यकृताच्या पेशींनाच सूज होती. सुईची ही पद्धत काही त्यांनी शोधलेली नव्हती, पण तिचा नेटाने उपयोग करून त्यांनी जुना समज खोडून काढला.

१९५५ मध्ये यकृत व पित्तमार्गाच्या आजारांवरचं त्यांचं पुस्तक निघालं. जगभरचे डॉक्टर पुढे अनेक वर्षं ते वाचून शिकले. १९५९ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात त्या वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. हे पद मिळवणाऱ्या त्या ब्रिटनमधील पहिल्या महिला. अनेक देशांतले तरुण डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला येत.

तिथलं एक काम मुलांना आवर्जून सांगावं. यकृतातल्या बारीक पित्तनलिका हळूहळू नष्ट होण्याचा एक जुनाट आजार आहे. तो बहुतेक स्त्रियांना होतो. पित्ताचा मार्ग अडलाय असं समजून अशा बायकांची पोटं विनाकारण उघडली जात. १९६५ मध्ये डेबोरा डोनियाक आणि इतर सहकाऱ्यांसोबत शीला यांनी दाखवून दिलं की रक्ताच्या तपासणीतून हा आजार ओळखता येतो. कितीतरी जणींची शस्त्रक्रिया टळली!

१९८३ मध्ये त्या निवृत्त झाल्या, पण काम सुरूच होतं. १९८९ मध्ये हिपॅटायटिस सी चा विषाणू सापडला. तोवर त्या रोगाला धड नावही नव्हतं. ए नाही, बी नाही, असंच म्हणत. ३० डिसेंबर २००१ रोजी त्यांचं निधन झालं. लग्नाला पन्नास वर्षं होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

आज काय माहीत आहे, तेही मुलांना सांगूया. ए आणि ई प्रकार मुख्यतः दूषित पाण्या-अन्नातून येतात, बी आणि सी रक्तातून. सी वर लस नाही. तो वर्षानुवर्षं गुपचूप राहून यकृत पोखरतो, बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. म्हणून तर माळ बांधून भागत नाही. रक्त तपासलं आणि रोग सापडला, तर साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवहून अधिक रुग्ण बरे होतात. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी आणि औषधं मोफत आहेत.

शीला यांना दारातूनच परत पाठवणाऱ्यांनी त्यांची हुशारी तपासलीच नव्हती. त्यांनी मात्र आयुष्यभर आधी तपासलं, मग रोगाचं नाव घेतलं. वर्गातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला 'हे तुला जमणार नाही' असं म्हणण्याआधी आपणही एवढं करूया.