डॉ. खानोलकर आणि घरातला कॅन्सर

एकाच घरात दोघा-तिघांना कॅन्सर झाला की तो आनुवंशिकच असणार, असे आपण धरून चालतो. हे धरून न चालता तपासून पाहणारे डॉक्टर म्हणजे वसंत रामजी खानोलकर.

त्यांचा जन्म 1895 चा. लंडनमध्ये पॅथॉलॉजी शिकून ते मुंबईत आले, मेडिकल कॉलेजांत शिकवू लागले. 1941 मध्ये परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पॅथॉलॉजिस्टचे काम काचपट्टीवरच्या पेशी पाहण्याचे. खानोलकर मात्र रुग्ण कुठला, तंबाखू कशी घेतो, नेसतो काय, हेही पाहत. 1945 च्या त्यांच्या एका शोधनिबंधात धोतर घट्ट बांधून कमरेच्या कातडीला होणारा कॅन्सर आहे, तसाच चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा कॅन्सरही आहे. बाप आणि मुलगा दोघेही धोतर नेसत असतील, तर रोग घरातला खरा, पण रक्तातला नव्हे.

रक्ताकडेही त्यांनी पाठ फिरवली नाही. एल. डी. संघवी यांच्यासोबत त्यांनी आपापसातच लग्ने करणाऱ्या मुंबईतल्या सहा समाजांचे आनुवंशिक गुण मोजले. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. 1978 मध्ये ते गेले. मोठ्या आतड्याच्या आनुवंशिक कॅन्सरपैकी लिंच सिंड्रोमची जनुके 1993 पासून सापडू लागली, म्हणजे त्यांच्या पश्चात.

आता रक्ताची चाचणी आहे, तरी ती कोणाची करायची हे अजून चौकशीवरच ठरते. पन्नाशीच्या आत आतड्याचा कॅन्सर, एकाच माणसाला दोनदा कॅन्सर, आतड्यात दहा किंवा जास्त पॉलिप, किंवा जवळच्या नात्यात आतड्याचा वा गर्भाशयाचा कॅन्सर असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. गोराईत काय नि परळला काय, घरचे लोक नुसते पोटाचा कॅन्सर एवढेच सांगतात. पोटाचा म्हणजे जठराचा, आतड्याचा की गर्भाशयाचा? जुने कागद शोधा. आईच्या माहेरची माणसे तर हमखास राहून जातात, आणि सदोष जनुक आईकडूनही तितकेच येते.

पहिली चाचणी शक्यतो ज्याला कॅन्सर झाला आहे त्याची करावी, निरोगी मुलांची नव्हे. बऱ्याचदा सुरुवात ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीपासूनच होते. त्या तुकड्याचा मेणातला ब्लॉक रुग्णालयात जपलेला असतो, त्यावर विशेष तपासणी करता येते. दोष नक्की सापडला, तर प्रत्येक भावंडाला आणि मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी. ज्याला तो आहे त्याची कोलोनोस्कोपी तरुणपणीच सुरू करून ठरावीक काळाने करत राहावी लागते. ज्याला नाही, त्याची त्या जास्तीच्या तपासण्यांतून सुटका होते.