जलरंगांचे उपासक सावळाराम हळदणकर

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील श्री जयचामराजेंद्र कलादालनात एक चित्र पाहण्यासाठी प्रेक्षकांची नेहमी दाटी असते. एका स्त्रीने हाती दीप धरला आहे. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताचा पंजा आडवा धरला आहे. त्या पंजाच्या बोटांतून तांबूस प्रकाश झिरपतो आहे, मुखावर मंद उजेड पसरला आहे आणि पाठीमागच्या भिंतीवर तिची सावली पडली आहे. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने हे चित्र विख्यात आहे. पाहणारा बहुधा दोन गोष्टी मनाशी गृहीत धरून बाहेर पडतो : हे चित्र राजा रविवर्म्याचे आहे आणि ते तैलरंगात आहे. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. रविवर्म्याचा मृत्यू १९०६ साली झाला आणि हे चित्र १९४५-४६ च्या सुमारास रंगले. त्याचे माध्यम जलरंग आहे आणि चित्रकार आहेत सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. त्याच दालनात रविवर्म्याची चित्रे असल्यामुळे हा घोटाळा होत असावा. पण ज्या मराठी चित्रकाराने आयुष्याची पन्नास-साठ वर्षे रंग आणि पाणी यांच्या संगतीत घालविली, त्याचे नाव त्याच्या सर्वांत लोकप्रिय कृतीपासूनच सुटून जावे, हे मनाला लागल्यावाचून राहत नाही.

सावळारामांचा जन्म १८८२ साली सावंतवाडी येथे झाला. सावंत-भोसल्यांचे हे लहानसे संस्थान सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेले. राजवाड्यासमोर मोती तलाव, वर नरेंद्र डोंगर आणि गावात लाकडी खेळणी व लाखकाम करणाऱ्या कारागिरांची चितारआळी. गंजिफांच्या वाटोळ्या पत्त्यांवर दशावतार रंगविणारे हात येथे पिढ्यान्‌पिढ्या होते. रंग या गावाला नवा नव्हता. नवी होती ती दृष्टी. चितारी रंगवीत ते मनातले आणि परंपरेतले. समोरचा डोंगर जसा दिसतो तसा, त्या घटकेच्या उजेडासह कागदावर उतरवावा, ही कल्पना या भूमीत फार जुनी नाही. आपल्या लघुचित्रांत झाडे, नद्या, मेघ आहेत, आणि अतिशय सुंदर आहेत, परंतु ते कथेची पार्श्वभूमी म्हणून येतात. डोंगर हाच चित्राचा नायक व्हावा हे पश्चिमेकडून आले.

ते आले तेही जलरंगांच्याच पेटीतून. इंग्लंडमध्ये गर्टिन व टर्नर यांच्या काळात पारदर्शक जलरंगांना मोठी प्रतिष्ठा लाभली होती, आणि कंपनीचे लष्करी अधिकारी, मोजणीदार, प्रवासी आपल्याबरोबर रंगांची वडी, कुंचले व जाड कागद घेऊन हिंदुस्थानभर फिरत. १८४१ साली धातूची रंगनळी निघाली आणि तैलरंगही घराबाहेर नेणे सुलभ झाले. पुढे सरकारी कलाशाळांच्या अभ्यासक्रमातून निसर्गचित्रण आपल्याकडे रुजले. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली होती. हळदणकर तेथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले तेव्हा सेसिल बर्न्स हे प्राचार्य होते आणि महादेव विश्वनाथ धुरंधर अध्यापन करीत होते. रेखाटनाचा कसून सराव, छायाप्रकाशाची शिस्त, मानवाकृतीचा अभ्यास असे शिक्षण तेथे होते. या शिस्तीवर पुढे पुष्कळ टीका झाली. ती परकी होती आणि काही बाबतींत कोरडीही होती. तथापि कोकणच्या एका होतकरू मुलाला पाहायला तिने शिकविले, हे नाकारता येत नाही.

शिक्षण संपल्यानंतर चाकरीचा मार्ग न धरता १९०८ साली हळदणकरांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. ‘हळदणकर्स फाईन आर्ट इन्स्टिट्यूट’ हे तिचे नाव. वय अवघे पंचविशीचे. खाजगी चित्रशाळा चालविणे म्हणजे रोज नवशिक्यांच्या हाती कुंचला देणे, आणि त्यात शिक्षकाच्या स्वतःच्या कलेचा बराच वेळ खर्ची पडतो. व्यक्तिचित्रांच्या मागण्या पूर्ण करावयाच्या, प्रदर्शनांसाठी चित्रे रंगवायची आणि त्यातच विद्यार्थ्यांच्या रेषा सुधारीत बसायचे, असा हा संसार होता. तो त्यांनी दीर्घकाळ सांभाळला. त्यांचे चिरंजीव गजानन हेही पुढे चित्रकार म्हणून नावारूपाला आले.

त्या पिढीच्या जलरंगचित्रकारांनी नवशिक्याला निसर्गापुढे कसे बसविले, हे समजून घेतले म्हणजे हळदणकरांच्या कामगिरीचे मोल ध्यानी येते. प्रथम जागा निवडायची ती सावलीतली. कारण कागदावर थेट ऊन पडले की तो डोळे दिपवतो, रंग फिके भासतात, मनुष्य ते गडद करीत जातो आणि घरी येऊन पाहतो तो चित्र काळेठिक्कर. मग विषय. समोर डोंगर, देऊळ, तळे, नारळी, गुरे, माणसे सारेच असते आणि नवशिक्याला सारेच हवे असते. येथे डोळे किलकिले करून पाहण्याची जुनी युक्ती उपयोगी पडते : बारीक तपशील मिटतात आणि उजेडाचे व सावलीचे चार-पाच मोठे तुकडे तेवढे उरतात. चित्र त्या तुकड्यांचे करायचे असते. पानांचे नव्हे, झाडाचे. कौलांचे नव्हे, छपराचे. हलक्या पेन्सिलीने तेवढ्या सीमारेषा आखल्या की पेन्सिल बाजूला ठेवायची.

यानंतर खरी परीक्षा सुरू होते. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरावयाचा नाही, पांढरेपण कागदाचे. म्हणजे तळ्यावरची चकाकी, देवळाच्या भिंतीवरचे ऊन हे रंगवायचे नसून सोडायचे असते, आणि काय सोडायचे हे पहिला कुंचला टेकण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. फळी किंचित तिरपी धरून आकाशाचा ओला हात वरून खाली आणायचा, कडेला साचलेला थेंब पुढच्या फटकाऱ्यात सामावून घ्यायचा, आणि मध्येच थांबायचे नाही. थांबले की डाग. फिकट रंग आधी, गडद मागून; एक थर वाळल्याखेरीज दुसरा चढवावयाचा नाही, आणि जेथे कडा विरघळून जायला हव्यात तेथे मात्र ओल असतानाच चढवायचा. कोकणातल्या दमट हवेत हा थर लवकर वाळत नाही, तर म्हैसूरसारख्या पठारावर चैत्र-वैशाखात तो पाहता पाहता सुकतो. म्हणून एका गावी साधलेला हात दुसऱ्या गावी पुन्हा नव्याने बसवावा लागतो. शिवाय सूर्य कोणासाठी थांबत नाही. दीड-दोन तासांत सावल्या जागा बदलतात. पहिल्या घटकेतली सावली धरून अखेरपर्यंत तिच्याशी प्रामाणिक राहावे लागते, नाही तर एकाच चित्रात सकाळही असते आणि दुपारही.

तैलरंगात चुकलेले खरवडता येते, झाकता येते. जलरंगात चूक दिसत राहते. म्हणूनच नवशिक्याने पहिली चित्रे लहान करावीत, पोस्टकार्डाच्या आकाराची असली तरी चालतात, आणि पुष्कळ करावीत. एकच टेकडी पहाटे, दोन प्रहरी आणि तिन्हीसांजेला रंगवून पाहिली की डोंगर निळा का दिसतो, दूरचा प्रदेश फिकट व थंड का होतो, हे पुस्तकाविना उमगते. चामुंडी टेकडी अथवा कुक्करहळ्ळी तलाव यांच्या सान्निध्यात राहणाऱ्या मुलांना यासाठी दूर जावे लागत नाही. महाराष्ट्रातही ही परंपरा घराजवळच्या विषयांवरच पोसली गेली. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी रंकाळ्याचा काठ किती परींनी पाहिला, हे कलाप्रेमी जाणतातच.

हळदणकरांनी तैलरंगही सफाईने हाताळले, व्यक्तिचित्रेही नामांकित केली. परंतु त्यांची खरी कीर्ती जलरंगांवर उभी राहिली. त्या काळी जलरंगाकडे काहीसे दुय्यम माध्यम म्हणून पाहिले जाई. निसर्गाच्या फिरत्या नोंदींपुरते ते ठीक, मोठे चित्र हवे तर तैलरंगच, असा समज होता. बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या जुन्या संस्थेवर इंग्रजांचे वर्चस्व होते. हिंदी चित्रकारांनी १९१८ साली मुंबईत ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली, तिच्या संस्थापकांत हळदणकर होते. गंमत अशी की पुढे १९२५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीनेच त्यांना सुवर्णपदक दिले, आणि तेही ‘मोहमेडन पिल्ग्रिम’ या जलरंगातल्या चित्राला. दुय्यम मानल्या गेलेल्या माध्यमाने बाजी मारली.

या साऱ्या पूर्वतयारीकडे पाहिले की म्हैसूरच्या दीपधारिणीचे रहस्य उलगडू लागते. दिवाळीतल्या दीपाच्या उजेडात उभी असलेली कन्या गीता हिला समोर ठेवून त्यांनी हे चित्र केले. घराच्या चार भिंतींतले हे दृश्य. त्यात आकाश नाही, तळे नाही. तरीही ते रंगविणारा हात उघड्या माळावर घडलेल्या पद्धतीचा आहे. येथे सूर्याच्या जागी एक वात आहे, एवढेच. तिच्यापासून जसजसे दूर जावे तसतसा उजेड कमी होतो, उष्ण रंग थंड होत जातात, कडा अंधारात मिसळतात. बोटांच्या पेरांतून आलेली लाली म्हणजे थरावर थर चढविलेला पारदर्शक रंग आहे; त्याखालून कागद अजून बोलतो. भिंतीवरचा अंधार गढूळ झालेला नाही, आणि जलरंगात एवढा मोठा गडद भाग निर्मळ ठेवणे किती कठीण असते, हे ज्याने एकदा तरी आकाशाचा ओला हात बिघडविला आहे त्यालाच कळेल. अशा प्रसंगी कोणीही तैलरंग हाती घेतले असते. साठीत पाऊल टाकलेल्या हळदणकरांनी असे माध्यम निवडले की ज्यात माघार नाही.

येथे म्हैसूरच्याच एका कलावंताची आठवण होते. के. वेंकटप्पा यांचा जन्म हळदणकरांनंतर चारच वर्षांनी, १८८६ साली, म्हैसूरच्या दरबारी चित्रकारांच्या घराण्यात झाला. ते कलकत्त्यास अवनींद्रनाथ ठाकुरांपाशी शिकले, वीणेच्या नादाने वेडावले, आणि १९२६ च्या सुमारास उटकमंडच्या डोंगरांवरचे धुके, चांदणे, वादळापूर्वीचे आभाळ त्यांनी जलरंगांतच टिपले. एक मुंबईच्या वास्तववादी शिस्तीतला, दुसरा बंगालच्या भावमय संप्रदायातला. कलासमीक्षक या दोन घराण्यांना एकमेकांसमोर उभे करून वाद रंगवितात. दोघांच्या चित्रांपुढे उभे राहिले तर मात्र पाणी, कागद आणि उजेड या तीनच गोष्टींशी दोघांचीही जन्मभर झुंज चालली होती, असे दिसते.

हळदणकर १९६८ साली निवर्तले. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यापर्यंतचे ते आयुष्य होते. कन्या गीता उपळेकर कोल्हापुरात दीर्घायुष्य लाभून राहिल्या. २०१८ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर त्यांचे निधन झाले, तेव्हा वृत्तपत्रांतून त्या चित्राची कथा पुन्हा एकदा सांगितली गेली आणि अनेक वाचकांना चित्रकाराचे खरे नाव प्रथमच कळले. चित्राच्या प्रती मात्र दिनदर्शिकांवर, घरांच्या भिंतींवर, दुकानांच्या काचांमागे अजूनही पुष्कळदा रविवर्म्याच्या नावानेच फिरत असतात. जगन्मोहन राजवाड्यात मूळ चित्र अंधारलेल्या जागी ठेवलेले आहे. डोळे तेथल्या काळोखाला सरावले की प्रथम बोटे दिसतात, मग मुख, आणि सर्वांत शेवटी भिंतीवरची सावली.