बातमी खोटी निघाली आणि संपादक तुरुंगात गेले : अकोल्यात शिकलेल्या गोपाळराव आगरकरांची गोष्ट

आपल्या घरांत आता बातम्यांचे चॅनल फारसे कोणी लावत नाही. लावलेच तर पाच मिनिटांत अब्बा रिमोट हातात घेतात आणि म्हातारी मंडळी म्हणतात, बंद करा ते. अखबार येतो, पण तो भाव, निकाल आणि इंतकालची खबर पाहायला. ही नाराजी उगीच आलेली नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तबलिगी जमातच्या नावाने काय काय छापले आणि दाखवले गेले ते सगळ्यांना आठवते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि निकालपत्रातच वृत्तपत्रे व वाहिन्यांनी केलेल्या अपप्रचारावर बोट ठेवले. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. ज्या आवाजात आरोप ऐकवले गेले, त्या आवाजात निकाल कोणी ऐकवला नाही.

मात्र चॅनल बंद करून आपण उघडतो काय? मोबाइल. तिथे फॉरवर्ड येतो, आणि तो आपल्या माणसाने पाठवला म्हणून खरा. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात एका सोशल मीडिया पोस्टवरून जाळपोळ झाली, माणूस गेला. दोन्ही वेळा आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या आई-वडिलांनी कोर्टाच्या चकरा मारल्या. म्हणून आज एका अशा संपादकाविषयी लिहितो, ज्याने स्वतः खोटी बातमी छापली होती, तीही आपला पक्ष खरा आहे या पक्क्या समजुतीने. त्याचे शिक्षण आपल्या अकोल्यात झाले होते.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या टेंभू गावचा. घर गरिबीचे. शिकायची हौस दांडगी, पण पैसा नाही. कराडच्या कचेरीत कारकुनी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शिकायला मिळेल म्हणून रत्नागिरीला पायी गेले आणि तिथे जमले नाही तेव्हा परत आले. शेवटी आजोळच्या नात्यातल्या माणसांचा आधार धरून ते वऱ्हाडात, अकोल्याला पोचले. त्या काळात वऱ्हाड निजामाच्या मालकीचे आणि इंग्रजांच्या कारभाराखालचे होते. मुंबई-नागपूर रेल्वे सुरू होऊन काही वर्षेच झाली होती, अकोला कापसाच्या व्यापारावर वाढत होते.

अकोल्याच्या हायस्कुलात विष्णु मोरेश्वर महाजनी हे हेडमास्तर होते. स्वतः एम.ए., कवी, शेक्सपिअर मराठीत आणणारे. या पोराची बुद्धी आणि हट्ट दोन्ही त्यांनी ओळखले. असे सांगतात, की एकदा महाजनी काहीतरी टाकून बोलले, तेव्हा गोपाळने वर्गातच बजावले की तुमच्यासारखा एम.ए. झालो तरच नावाचा. शिक्षकाला असा विद्यार्थी मिळाला तर डोके दुखते, हे मी अनुभवाने सांगतो. महाजनी मात्र रागावले नाहीत, उलट त्यांनी मदतच केली. १८७५ मध्ये आगरकर अकोल्यातून मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले.

तिथल्या दिवसांची एक गोष्ट महाराष्ट्रात घराघरात सांगितली जाते. अंगात घालायला सदरा एकच. रात्री धुवायचा, वाळत टाकायचा, सकाळी तोच घालून कॉलेजात जायचे. वक्तृत्वाची बक्षिसे, शिष्यवृत्ती आणि अखबारात लिहून मिळालेले चार पैसे, यावर पोट चालायचे. त्या लिखाणात आपले वऱ्हाड समाचारही होते. म्हणजे बातमीदारीची आणि लेखाची पहिली तालीम त्यांनी वऱ्हाडच्याच कागदावर केली. १८७८ ला बी.ए. झाले, पुढे इतिहास आणि तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. याच काळात बाळ गंगाधर टिळकांची ओळख झाली. दोघांनी ठरवले की सरकारी नोकरी करायची नाही. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवले, की मुलगा मोठ्या पगाराचा साहेब होईल ही आशा सोड, मी पोटापुरते घेऊन बाकीचा वेळ लोकांसाठी देणार आहे. ज्या आईने हालात दिवस काढले तिला असे पत्र लिहायला काय वाटले असेल, ते ज्यांच्या घरात पहिलाच मुलगा शिकला आहे त्यांना विचारा.

१८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले, आगरकर पाठोपाठ आले. जानेवारी १८८१ मध्ये या मंडळींची दोन साप्ताहिके निघाली, इंग्रजीत मराठा आणि मराठीत केसरी. केसरीची संपादकी आगरकरांकडे आली. वय २४. पुष्कळांना केसरी म्हटले की फक्त टिळक आठवतात. पण पहिली सहा-साडेसहा वर्षे तो आगरकरांनी चालवला.

आता ते कोल्हापूरचे प्रकरण.

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज तरुण होते, दत्तक आलेले. कारभार दिवाण राव बहादूर माधवराव बर्वे आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती. महाराजांना वेड लागले आहे असे सरकार म्हणत होते, आणि लोक म्हणत होते की वेड लागलेले नाही, लावले जात आहे, त्यांचा छळ चालला आहे. सगळ्या महाराष्ट्रात हळहळ होती. अशा वेळी केसरी-मराठाच्या हाती काही पत्रे आली. दिवाण बर्व्यांची म्हणून सांगितलेली. त्यांतून असे दिसत होते की महाराजांना संपवण्याचा कट दिवाणच करत आहेत. लोकांच्या मनात जे आधीपासून होते तेच या पत्रांत काळ्यावर पांढरे सापडले. पत्रे छापली गेली, त्यांच्या आधारे दिवाणांवर जबरदस्त टीका झाली.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. कोर्टात पत्रे बनावट ठरली. कोणीतरी हुबेहूब तयार करून दिली होती आणि दोन्ही संपादक फसले होते.

इथे जरा थांबून विचार करण्यासारखे आहे. हे दोघे पैसे खाऊन बातमी छापणारे नव्हते. सत्तेच्या मांडीवर बसलेले नव्हते, उलट सत्तेच्या विरोधात होते. दुबळ्या माणसाची बाजू घेत होते. बरे, त्यांचा मूळ संशय तरी अगदीच हवेतला होता का? तसेही म्हणता येत नाही. पुढे २५ डिसेंबर १८८३ ला अहमदनगरमध्ये, ग्रीन नावाच्या इंग्रज पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर, महाराजांचा मृत्यू झाला. म्हणजे महाराजांचे हाल होत होते ही लोकांची भावना एका बाजूला, आणि ती सिद्ध करायला वापरलेला कागद खोटा, हे दुसऱ्या बाजूला. भावना खरी असली म्हणून कागद खरा होत नाही, आणि खोट्या कागदाने नुकसान झाले ते खऱ्या तक्रारीचेच. कोर्टात सगळी चर्चा महाराजांच्या छळाची व्हायची ती पत्रांच्या अक्षराची झाली. आपल्याकडे एखाद्या खऱ्या अन्यायाच्या बातमीसोबत कुठल्यातरी दुसऱ्या देशाचा जुना फोटो जोडला जातो आणि मग सगळा आठवडा त्या फोटोवरच जातो, ते अगदी याच जातीचे.

चूक कळल्यावर दोघांनी काय केले, ते आजच्या चॅनलवाल्यांनी वाचावे. पत्रे खोटी आहेत हे पटल्यावर त्यांनी माफी मागितली. बर्व्यांनी फिर्याद मागे घेतली नाही. खटला चालू असतानाच १७ मार्च १८८२ ला चिपळूणकर वारले, पोरांच्या डोक्यावरचा मोठा माणूस गेला. जामिनाला दहा हजार रुपये हवे होते. ते कुठून आले? महात्मा जोतीराव फुल्यांनी आपल्या ओळखीचे रामशेट उरवणे यांना उभे केले. चिपळूणकरांनी फुल्यांवर किती कडवट लिहिले होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मदतीचे मोल कळेल. फुल्यांनी जुना हिशेब काढला नाही.

१७ जुलै १८८२ ला दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात ठेवले. डोंगरी म्हणजे आपल्या लोकांना माहीत असलेली डोंगरी, मोहम्मद अली रोडच्या बाजूची. लहानशी खोली, खराब जेवण, दोघांचीही तब्येत खालावली. रात्र रात्र वाद घालायचे: आधी देश स्वतंत्र व्हावा की आधी समाज सुधारावा. आवाज इतका चढायचा की पहारेकरी येऊन दटावून जायचे. शिक्षेत सूट मिळून १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबरला, ते सुटले तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतले. आगरकरांनी तुरुंगात हॅम्लेटचे मराठी रूपांतर केले, ते विकारविलसित नावाने छापले, आणि कैदेच्या दिवसांवर डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस हे पुस्तकही लिहिले.

लोकांनी त्यांच्यावरचा भरवसा का काढून घेतला नाही? मला वाटते, एक तर त्यांनी चूक लपवली नाही, आणि दुसरे, शिक्षा स्वतः भोगली. कोणा बातमीदाराला पुढे करून संपादक नामानिराळा राहिला नाही. उर्दूत सहाफतचा विषय निघाला की आपण देहली उर्दू अखबारचे मौलवी मोहम्मद बाकर यांचे नाव घेतो, ज्यांना इंग्रजांनी १८५७ मध्ये मारले, किंवा मौलाना आझादांच्या अल-हिलालचे. ते घेतलेच पाहिजे. पण मराठी शाळेतल्या आपल्या मुलांना त्या माळेत आगरकरही ठाऊक असावेत.

यानंतरचा भाग जास्त कठीण होता. तुरुंगातून आल्यावर हार मिळाले होते, आता शिव्या मिळणार होत्या. केसरी एकट्या आगरकरांचा नव्हता, मंडळींचा सामाईक होता. बालविवाह, विधवांचे केशवपन, मुलींचे शिक्षण यावर आगरकरांना जे लिहायचे होते ते बाकीच्यांना, आणि मुख्य म्हणजे वाचकांना, रुचत नव्हते. इंग्रजांवर टीका केली की टाळ्या. स्वतःच्या वाचकांच्या घरात काय चालते यावर लिहिले की पत्र बंद करा अशी भाषा. १८८७ मध्ये त्यांनी केसरी सोडला. १५ ऑक्टोबर १८८८ ला स्वतःचे सुधारक काढले, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. इंग्रजी बाजू काही काळ तरुण गोपाळ कृष्ण गोखले पाहत होते. त्याच वर्षी त्यांचे वाक्यमीमांसेचे पुस्तकही आले. नववी-दहावीच्या वर्गात वाक्यपृथक्करण शिकवताना मी मुलांना मुद्दाम सांगतो, की मराठी वाक्य असे उलगडून दाखवणारा माणूस अकोल्यात शिकला होता. कर्ता कोण आणि क्रिया कोणी केली हे विचारायची सवय बातमी वाचतानाही उपयोगी पडते. प्रशासनाने कारवाई केली असे छापलेले असते, पण कोणी, कोणावर, कशासाठी, ते वाक्यात नसतेच.

आगरकरांचे सगळे विचार आपल्याला पटतील असे नाही. धर्माच्या बाबतीत ते अज्ञेयवादी होते, मला ते मान्य नाही. पण ते जे मानत होते तेच छापत होते, आणि त्याची किंमत वर्गणीदारांच्या रागाने मोजत होते. पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, त्यांच्याच घरावरून नेली, असे सांगतात. घरात पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या, पूजाअर्चा करणाऱ्या. त्यांच्यावर त्यांनी आपले मत कधी लादले नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून टिळक आणि ते उघड समोरासमोर आले. केसरी एक लिहायचा, सुधारक दुसरे, आणि पुण्याचा वाचक दोन्ही वाचून भांडायचा. हे भांडण मला आजच्या चर्चेपेक्षा बरे वाटते, कारण वाचकाला दोन्ही बाजू पूर्ण वाक्यांत मिळत होत्या.

१८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याचा आजार जुना, तो वाढत गेला. कॉलेज, पत्र आणि दमा, तिन्ही एका शरीराला झेपले नाही. १७ जून १८९५ ला, वयाची ३९ वर्षेही पुरी झालेली नसताना, ते गेले. उशाशी एका पुरचुंडीत थोडे पैसे आणि चिठ्ठी सापडली, आपल्या अंत्यविधीचा खर्च कोणावर पडू नये म्हणून बाजूला काढलेले, असे सांगितले जाते. ज्या केसरीतून ते बाहेर पडले होते, त्याच केसरीत टिळकांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. तो लिहिताना टिळकांच्या डोळ्यांचे पाणी खळत नव्हते, असे पाहणाऱ्यांनी नोंदवून ठेवले आहे.